गावाचं नाव काळं का पडलं?



दरवर्षी या पानावर आपण घरातली एखादी वस्तू घेतो आणि तिच्यातलं विज्ञान उलगडून पाहतो. यंदाची वस्तू आहे वाइनची बाटली. हे कळल्यावर संपादक मंडळात थोडी कुजबुज झाली म्हणे. चकली-अनारशांच्या अंकात बाटली? मी एवढंच कळवलं की आपल्याला बाटलीच्या आत शिरायचंच नाही, वरच्या कागदापाशीच थांबायचं आहे. तेही ज्यांना रुचत नसेल त्यांनी कोकम सरबताची बाटली समोर धरावी, गणित तेच राहील. तसाही आपल्या महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध मोठा गमतीचा आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आणि त्यातली परवान्याची तरतूद पुस्तकात तशीच राहिली, आणि २००१ साली त्याच राज्याच्या सरकारनं द्राक्ष-प्रक्रियेचं धोरण आणून वायनरी काढणाऱ्यांना हात दिला. त्याआधी १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फेसाळती वाइन करून परदेशी पाठवायला सुरुवात केली होतीच. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. आज नाशिकहून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानात चिवड्याबरोबर काय निघेल सांगता येत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. आमच्या मंडळात एक तरुण आहे, जन्म इथलाच, वॉटफर्डचा. त्याचे मोठे काका दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक भागात गारपीट झाली, तीत त्यांची खाण्याच्या द्राक्षांची बाग ऐन काढणीच्या तोंडावर झोपली. त्यानंतर त्यांनी अर्ध्या रानात वाइनची द्राक्षं लावली आणि दोन नातेवाइकांना बरोबर घेऊन एक छोटी वायनरी उभी केली. यंदा पहिल्यांदाच इकडच्या एका व्यापाऱ्यानं नमुन्याच्या सहा बाटल्या मागवल्या. चव पसंत पडली आणि नाताळच्या यादीत ही वाइन घ्यायचं ठरलं. यादीत प्रत्येक बाटलीला एकच फोटो. गिऱ्हाईक चाखून नव्हे, तो फोटो पाहून मागणी नोंदवणार. तेव्हा या फोटोवर काकांच्या दोन-तीन वर्षांच्या कष्टाचं काय होणार ते ठरायचं होतं, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पुतण्यानं रीतसर पैसे मोजून एका छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेतला. फोटो खरोखर देखणा होता. कागदाचा पोत दिसत होता, वेलीचं रेखाचित्र स्वच्छ होतं, काचेवर कुठे डाग नव्हता. त्यानं तो काकांना पाठवला. काकांचा लगेच फोन आला, "अरे, गाव कुठं गेलं?"

लेबलाच्या वरच्या भागात वांगी रंगाची एक गर्द पट्टी आहे आणि तिच्यावर सोनेरी देवनागरी अक्षरांत गावाचं नाव आहे. खाली क्रीम रंगाच्या कागदावर काळ्या शाईत इंग्रजी मजकूर. फोटोत इंग्रजी मजकूर ठसठशीत होता आणि वांगी पट्टीही होती, पण पट्टीवर काहीच नव्हतं. अंधारात काळं मांजर असावं तशी अक्षरं तिथे होती आणि दिसत नव्हती.

पुतण्या माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "सर, नाव गेलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, मला ती नक्षीसारखीच वाटायची." त्याला यात दोष देण्याचं कारण नाही. आपल्यापैकी किती जणांच्या मुलांना गावाच्या पाटीवरचं नाव वाचता येतं, हे ज्याचं त्यानं पाहावं. छायाचित्रकारालाही ते वाचता येत नव्हतं. तीन दिवस तो फोटो चार-पाच जणांच्या हातून गेला आणि काय हरवलंय ते कळलं दिंडोरीतल्या माणसाला.

सोनेरी अक्षरं काळी का झाली, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरातून स्टीलचा एक उभट पेला घेऊन या. त्याच्यावर नाव कोरलेलं असलं तरी चालेल, आपल्या घरांत बहुतेक भांड्यांवर असतंच. पेला टेबलावर ठेवा आणि डोळे त्याच्या उंचीवर आणून समोरून पाहा. तुमचा चेहरा मधोमध, उभट आणि बारीक. त्याच्या दोन्ही बाजूंना खिडकी, दार, कपाट. कडेला नीट पाहिलंत तर पेल्याच्या मागच्या भिंतीचाही एक तुकडा दिसेल. गोल पृष्ठभाग जवळजवळ सगळी खोली स्वतःत घेतो, म्हणूनच बाटलीचा फोटो काढणं कठीण. आपण बाटलीचा फोटो काढतो आहोत असं वाटतं, प्रत्यक्षात खोलीचा फोटो निघत असतो.

कागदाचं तसं नसतं. कागदावर पडलेला प्रकाश तंतूंमध्ये शिरतो, आत इकडेतिकडे आपटतो आणि सगळ्या दिशांना बाहेर पडतो, म्हणून कागद कुठूनही पाहिला तरी पांढरा दिसतो. सोनेरी अक्षरं आरशासारखी असतात. लेबलावरचं सोनं हे सोनं नसतंच. ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आणि त्यावर पिवळं लाख, तापवलेल्या ठशानं कागदावर दाबलेलं. आरशाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो, समोर असेल ते तो दाखवतो. उजेड असला तर सोनेरी, अंधार असला तर काळा. काजूकतलीवरचा चांदीचा वर्ख ताटात चमचमतो आणि मोबाइलच्या फोटोत राखाडी डाग होऊन बसतो, त्याचं कारण हेच. यंदा फराळाचे फोटो नातेवाइकांना पाठवण्याआधी ते आठवा.

मग त्या छायाचित्रकाराच्या फोटोत अक्षरांसमोर इतका अंधार कुठून आला? त्यानं दिवे तर भरपूर लावले होते. उत्तर आहे ध्रुवीकरणात, आणि इथे मला थोडा फळा लागणार.

प्रकाशाच्या लहरी पुढे जाताना आडव्या थरथरतात, आणि साध्या दिव्याच्या प्रकाशात ही थरथर सगळ्या दिशांनी असते. ध्रुवक नावाचा पडदा यातली एकच दिशा पलीकडे सोडतो. १८०८ साली पॅरिसमध्ये मालुस नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं मावळतीचं ऊन एका स्फटिकातून पाहिलं आणि स्फटिक फिरवताच त्यातून दिसणाऱ्या दोन प्रतिमांची तेजस्विता पालटते हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणजे काचेवरून उसळलेल्या प्रकाशाला थरथरण्याची एक ठरावीक दिशा मिळालेली असते. पुढे ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं हा परिणाम कोणत्या कोनात पुरेपूर होतो त्याचा नियम दिला. साध्या काचेसाठी तो कोन, लंबापासून मोजला तर, ५६ अंशांच्या आसपास येतो. पाण्याखालचे मासे पाहायला ध्रुवक लावलेले गॉगल वापरतात ते याच आधारावर.

लेबल मात्र आपण समोरून पाहतो, ५६ अंशांतून नाही. तेव्हा व्यवसायात दुसरी युक्ती करतात. दिव्यावर एक ध्रुवक लावायचा आणि लेन्सवर दुसरा, पहिल्याशी काटकोनात. दिव्यातून एकाच दिशेनं थरथरणारा प्रकाश निघतो. काचेवरून किंवा वॉर्निशवरून तो सरळ उसळला की दिशा तशीच राहते आणि लेन्सवरचा ध्रुवक त्याला अडवतो. चकाकी गायब. कागदाच्या आत शिरून आपटून आलेला प्रकाश आपली दिशा विसरलेला असतो, त्यातला निम्मा भाग ध्रुवकातून पार होतो. म्हणून कागद आणि शाई दिसते, चमक दिसत नाही. जुनी चित्रं, तैलरंग, काचेमागचे दस्तऐवज यांच्यासाठी ही पद्धत उत्तम, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सोनेरी अक्षरांवरून येणारा सगळा प्रकाश सरळ उसळूनच येतो. तो विसरभोळा नाही. ध्रुवकानं चकाकीबरोबर अक्षरंही पुसली. त्या छायाचित्रकाराच्या फोटोत काचेवर एकही डाग नव्हता आणि गावाचं नावही नव्हतं, ही एकाच उपायाची दोन फळं.

कुणीतरी सुचवलं की आता संगणकावर अक्षरांत सोनेरी रंग भरून द्या, पाच मिनिटांचं काम. तसा एक नमुना आलासुद्धा. त्यात नावावरचा अनुस्वार नव्हता आणि एक वेलांटी उलट्या अंगाला गेली होती. ज्याला लिपी येत नाही तो अक्षरं रंगवणार म्हणजे असंच होणार. मला विचाराल तर अनुस्वार शाबूत असता तरी मी ते स्वीकारलं नसतं. गिऱ्हाइकाला वस्तू दाखवायची तर प्रकाशानं दाखवावी, ब्रशनं नव्हे. पण हे माझं मत झालं. जाहिरातीच्या धंद्यातले लोक हसतील.

दहा दिवस हातात होते. आम्ही माझ्या जेवणाच्या खोलीत पुन्हा फोटो काढायचं ठरवलं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण वॉटफर्डमध्ये बसून एका छापील कागदाचा फोटो काढायचा म्हणजे काशीत जाऊन घाटावर स्नान करण्यासारखं आहे. आपल्या नव्या पिढीला हे गाव लंडनला जायच्या गाड्या, मोठं दुकानसंकुल आणि फुटबॉल यांच्यासाठी माहीत असतं. पण एकेकाळी हे छपाईचं गाव होतं. व्हिपेंडेल रोडवर सन एन्ग्रेव्हिंगचा कारखाना होता. १९३८ साली निघालेलं आणि फोटोंसाठी गाजलेलं 'पिक्चर पोस्ट' हे साप्ताहिक तिथे छापलं जाई. सेंट ऑल्बन्स रोडकडे ओडम्स होतं, तिथे १९३७पासून 'वुमन' हे रंगीत साप्ताहिक छापलं गेलं. शेजारी क्रॉक्स्ली ग्रीनला कालव्याच्या काठी जॉन डिकिन्सनची कागद गिरणी १८३०पासून १९८०पर्यंत चालली. आणि उलट्या दिशेला, रेल्वेनं काही स्टेशनं पलीकडे, हॅरो-वील्डस्टोनला कोडॅकचा कारखाना होता, १८९१ ते २०१६. कागद इकडे, फिल्म तिकडे आणि छपाई मध्ये. आपल्याकडे लोणावळ्याजवळ मळवलीला रविवर्मा प्रेस होता, तिथेही देवदेवतांच्या चित्रांबरोबर पुढे मालाची लेबलं छापली गेली. घरात लक्ष्मीचं जुनं चित्र असेल तर त्याच्या खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का पाहा. असो. परत जेवणाच्या खोलीत.

सगळ्यात आधी बाहेरचा उजेड बंद केला. इथला हिवाळ्याकडचा उजेड कामाला बेभरवशाचा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वॉटफर्डला सूर्य ऐन दुपारीसुद्धा क्षितिजापासून पंधरा अंशांवर जेमतेम चढतो आणि चारच्या आत मावळतो. ऑक्टोबरात परिस्थिती तितकी वाईट नसते, पण ढग आला-गेला की कागदाचा रंग बदलतो. खिडकीचा निळसर उजेड आणि दिव्याचा पिवळा एकत्र आले तर क्रीम रंगाचं लेबल एका बाजूनं आजारी दिसतं. म्हणून पडदे घट्ट, घरातले नेहमीचे दिवे बंद, आणि एकाच प्रकारचे दोन दिवे.

दिवा नुसता लावून भागत नाही. पणती आणि आकाशकंदील यांच्यातला फरक तुम्हाला ठाऊकच आहे. पणतीची ज्योत बारीक, म्हणून तिची सावली काटेकोर आणि तांब्याच्या लोट्यावर तिचं प्रतिबिंब एक टोकदार ठिपका. त्याच ज्योतीइतका बल्ब कंदिलात घातला की कागदाचा अख्खा पृष्ठभागच दिवा होतो, आणि लोट्यावर ठिपक्याऐवजी मोठा मऊ उजळ पट्टा दिसतो. बाटलीला कंदील लागतो. आम्ही लाकडी पट्ट्यांच्या दोन चौकटी केल्या, प्रत्येकी अर्धा मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच, आणि त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवला. मागे हातभर अंतरावर दिवा. स्वयंपाकघरातला बटर पेपर चालतो, पण त्याला बऱ्याचदा पिवळट झाक असते आणि सुरकुती पडली की ती काचेत दिसते.

कॅमेरा बाटलीपासून किती दूर? इथे मोबाइलवाल्यांची सर्वात जास्त फसगत होते. बाटली मोठी दिसावी म्हणून ते जवळ जातात. नेहमीच्या बाटलीची त्रिज्या साधारण ३७ मिलिमीटर. लेबलाची वरची कड लेन्सच्या रेषेपासून ५० मिलिमीटर वर असेल आणि तुम्ही ३० सेंटिमीटरवरून फोटो काढलात, तर ती सरळ कड मधोमध सुमारे ६ मिलिमीटर फुगलेली दिसते. १२० सेंटिमीटरवर गेलात तर फुगवटा दीड मिलिमीटरवर येतो. म्हणून दूर जा आणि लांब पल्ल्याची लेन्स वापरा. मोबाइल असेल तर त्यातली दोन-तीन पट जवळ आणणारी दुसरी लेन्स. आमच्याकडे १०० मिलिमीटरची लेन्स होती, कॅमेरा उभा धरला की १२० सेंटिमीटरवरून पूर्ण बाटली चौकटीत बसते. लेन्स बरोबर लेबलाच्या मध्यावर, ना वर ना खाली. तिवई, आयएसओ १००, एफ ११, अर्धा सेकंद, आणि बटण हातानं न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर. बाटली कुठे पळून जात नाही, फ्लॅशची गरजच नाही. मात्र खोलीत लाकडी जमीन असेल तर त्या अर्ध्या सेकंदात कुणी चालू नये, हे नातवंडांना आधी सांगून ठेवावं.

बाटली नीट पुसून, सुती हातमोजे घालून ठेवली. काचेला दोन बाजूंना साच्याची उभी शिवण असते, ती कडेला येईल अशी फिरवली. ध्रुवक काढून टाकले. दोन्ही चौकटी बाटलीच्या पुढे डाव्या-उजव्या अंगाला, तिच्यापासून ६० सेंटिमीटरवर. पहिला फोटो घेतला आणि पुतण्या ओरडलाच, "आलं!" सोनं आलं होतं. पण मी त्याला ते नाव वाचून दाखवलं तसं त्याच्या लक्षात आलं की पहिलं आणि शेवटचं अक्षर झळकतंय आणि मधला भाग अजून काळाच आहे.

असं का, ते पेल्यात पाहिलंत तर दिसेल. मध्यावर तुमचं तोंड असतं. लेबलाचा मधला भाग कॅमेऱ्याकडे सरळ पाहतो, तेव्हा त्या अक्षरांत प्रतिबिंब पडतं ते काळ्या लेन्सचं आणि तिच्यामागे काळा स्वेटर घालून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचं. बाजूची अक्षरं बाजूच्या चौकटींकडे पाहतात, त्यांना उजेड मिळतो. हिशेबच करायचा तर असा: मध्यापासून १२ अंश वळलेलं अक्षर दुप्पट, म्हणजे २४ अंशांवरची वस्तू दाखवतं. आमच्या चौकटी साधारण २५ अंशांपासून सुरू होत होत्या. ३७ मिलिमीटर त्रिज्येवर मध्यापासून दोन्हीकडचे १२ अंश म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर रुंदीचा पट्टा. तेवढाच अंधारात होता.

चौकटी आणखी मध्ये सरकवल्या तर त्या लेन्सच्या आड येतात. पांढऱ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून लेन्स काढायची ही जुनी पद्धत आहे, पण मग तो अख्खा पुठ्ठा वरच्या उघड्या काचेतही दिसतो आणि बाटलीच्या खांद्यावर दुधाचा ओघळ आल्यासारखं वाटतं. इथे एक भूमिती कामाला आली, ती मला या सगळ्या खटाटोपात सर्वात आवडली. बाटली आडव्या दिशेत वक्र असली तरी उभ्या दिशेत ती सपाट आरसाच आहे. लेन्सच्या रेषेपासून ३ सेंटिमीटर वर असलेल्या अक्षराकडे लेन्सनं पाहिलं तर किरण तिथून उसळून, कॅमेऱ्याइतक्याच अंतरावर परत येईपर्यंत ६ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे गावाचं नाव ३ ते ४ सेंटिमीटर उंचीवर असेल तर त्याला दिसणारी वस्तू कॅमेऱ्याच्या बाजूला ६ ते ८ सेंटिमीटर उंचीवर असते. लेन्सच्या नळीची त्रिज्या जेमतेम ४ सेंटिमीटर. याचा अर्थ, लेन्सच्या अगदी वरून पांढऱ्या कागदाची एक अरुंद आडवी पट्टी गेली तर ती लेन्सच्या आड येणार नाही, आणि ती दिसेल फक्त नावाच्या उंचीवर. त्या उंचीवर पुढच्या बाजूला उघडी काच नाहीच, लेबल आहे. बाकीच्या बाटलीला पट्टीचा पत्ताही लागणार नाही.

पाच सेंटिमीटर रुंद आणि मीटरभर लांब पट्टी कापली. ती धनुष्यासारखी थोडी वाकवून लेन्सच्या वर दोन स्टँडांना चिकटवली, म्हणजे दोन्ही टोकं बाटलीपासून साधारण सारख्याच अंतरावर आली. टेबललॅम्पचा उजेड पट्टीवर पाडला, पण लॅम्प बाटलीच्या दृष्टीआड ठेवला. नाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग उजळलं. पट्टी काढली की मधली अक्षरं विझत, लावली की पेटत. पुतण्यानं हे सात-आठ वेळा करून पाहिलं. त्यानंतर त्यानं मला विचारलं की यातलं कुठलं अक्षर म्हणजे कुठला आवाज. तो धडा तासभर चालला आणि फोटोचं काम तेवढा वेळ थांबलं, हरकत नव्हती.

आता काचेचं. सोन्याला चौकटी पुढे हव्यात, काचेला त्या मागे हव्यात. पुढच्या चौकटींनी बाटलीच्या मानेवर दोन जाडे पट्टे येतात आणि आकार चपटा वाटतो. त्याच चौकटी बाटलीच्या बाजूला किंवा थोड्या मागे नेल्या की काठाला बारीक उजळ रेघ येते आणि बाटली गोल दिसते. दोन्ही एकाच फोटोत साधत नाही, म्हणून कॅमेरा आणि बाटली तसूभरही न हलवता दोन फोटो घ्यायचे, एक लेबलासाठी, एक काचेसाठी, आणि संगणकावर जोडायचे. मघाशी मी रंग भरण्याला नाही म्हणालो आणि आता जोडकामाला हो म्हणतोय, हे पुतण्यानं लगेच पकडलं. फरक एवढाच, की या जोडकामात दोन्ही वेळा प्रकाश खऱ्या बाटलीवर पडलेला आहे आणि अनुस्वार छापणाऱ्यानं दिला तिथेच राहतो.

आतल्या द्रवाबद्दल मघाशी बोललो नाही. लाल वाइन काचेत जवळजवळ काळी दिसते, कारण उजेड तिच्यातून पार होत नाही. तिला रंग आणायचा तर बाटलीच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही इतक्या बेतानं, बाटलीच्याच आकाराचा चंदेरी पुठ्ठा कापून तिरका ठेवतात. पांढऱ्या वाइनला याची गरज कमी, पण तिच्यात मागच्या लेबलाची सावली पुढे दिसते. मागच्या लेबलावर मद्यार्काचं प्रमाण, आकारमान, सल्फाइटची सूचना वगैरे कायद्यानं लागणारा मजकूर असतो. आधी त्याचा वेगळा फोटो घ्यावा, मग केस वाळवायच्या यंत्रानं गरम करून हळूच सोलावं. गार बाटली दाखवायची म्हणून दवाचे थेंब हवे असतील तर पाण्यात निम्मं ग्लिसरीन मिसळून फवारतात, साधं पाणी दिव्यांखाली वाळतं. कागदाच्या लेबलावर मात्र थेंब पडू देऊ नयेत. आम्ही ही हौस केली नाही. दिंडोरीची वाइन ती, तिला उगाच गारठवायचं कशाला.

फोटो रविवारी रात्री दिंडोरीला गेला. तिथे तेव्हा पहाट व्हायची होती. सकाळी काकांचा आवाजातला निरोप आला, त्यात त्यांनी गावाचं नाव मोठ्यानं वाचलं होतं आणि मग विचारलं होतं की लेबलाचा कागद खरंच इतका पिवळा आहे का, त्यांच्या मोबाइलवर तो हळदीसारखा दिसतोय. तो प्रश्न रास्त होता. फोटो काढताना बाटलीशेजारी राखाडी कार्ड ठेवून एक जादा फोटो घेतलेला असला की संगणकावर रंग त्यावरून जुळवता येतात. आमच्या प्रतीत ते जुळवलेले होते आणि पिवळेपणा त्यांच्या पडद्याचा होता. तरी मी पुतण्याला सांगितलं की तीच प्रत दुसऱ्या दोन मोबाइलांवर पाहून घे. त्यानं पाहिली, आणि मुदतीच्या दोन दिवस आधी व्यापाऱ्याकडे धाडली. यादी अजून यायची आहे.

ट्रेसिंग पेपरच्या दोन्ही चौकटी आणि ती मीटरभर पट्टी माझ्याकडे कपाटामागे उभी करून ठेवली आहे. फराळाचे डबे, जुनी समई, आजीच्या चांदीच्या भांड्यांवरची नावं, जे काही चकाकतं आणि फोटोत काळं पडतं त्यासाठी ती चालेल. नाव किती उंचीवर आहे ते लेन्सच्या रेषेपासून मोजा आणि पट्टी त्याच्या दुप्पट उंचीवर लावा. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला मी चौकटी गाडीत टाकून आणणार आहे. ज्यांना हव्या असतील त्यांनी न्याव्यात, फक्त ट्रेसिंग पेपरला तेलकट हात लावू नयेत.